नदीचे लिंग आणि देवाचे रूप : वेण्णा व ग्रीक नददेवता

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण जे मेढा, ते वेण्णा नदीच्या काठी वसले आहे. महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली ही नदी मेढ्यावरून पूर्वेकडे जाते आणि माहुलीस कृष्णेला मिळते. पौराणिक परंपरेनुसार वेण्णा म्हणजे साक्षात शंकर होय. कृष्णा ही विष्णू, वेण्णा ही शिव आणि ककुद्मती, म्हणजे आजची कोयना, ही ब्रह्मदेव, असा हा त्रिमूर्तीचा जलावतार मानला जातो. तीन पुरुषदेवता तीन स्त्रीलिंगी नद्यांच्या रूपाने वाहतात, ही गोष्ट परिचयामुळे आपल्याला विलक्षण वाटत नाही. ग्रीक दैवतकथांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास मात्र तिचे वेगळेपण एकदम डोळ्यांत भरते.

ग्रीसमधील नदी हा पुरुष आहे. हेसिअडच्या वंशावळीप्रमाणे ओकेआनोस व तेथिस या दांपत्याला तीन हजार पुत्र आणि तितक्याच कन्या झाल्या. पुत्र म्हणजे नद्या व कन्या म्हणजे ओकेआनिदा नावाच्या जलकन्या. या नदपुत्रांपैकी आखेलोओस हा सर्वांत मान्यता पावलेला. देइआनिरा हिच्या प्राप्तीसाठी तो हेराक्लिसशी झुंजला. बैल, सर्प आणि वृषमुखी मनुष्य अशी रूपे तो पालटू शकत असे, परंतु त्या झुंजीत त्याचे एक शिंग मोडले. ते मोडलेले शिंगच फळाफुलांनी भरलेले समृद्धीचे शिंग झाले, असे रोमन कवी ओव्हिड सांगतो. सिसिलीतील गेला या नगराने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात जी नाणी पाडली, त्यांवर त्याच नावाच्या नदीची आकृती आहे : धड बैलाचे, मुख दाढीधारी पुरुषाचे. शिंगे, दाढी व बैलाचे अंग ही ग्रीक नददेवतेची ठळक लक्षणे होत. तिचा स्वभावही या लक्षणांना साजेसा आहे. ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात प्रेतांनी तुंबलेला स्कामान्द्रोस संतापून अकिलिसचा पाठलाग करतो आणि अखेर हेफाइस्तोसच्या अग्नीपुढेच हार मानतो. दुसरीकडे, मुलांच्या वाढत्या केसांचा नवस नदीलाच बोलत. अकिलिसचे केस स्पेर्खेइओस नदीला वाहण्याचा संकल्प त्याच्या पित्याने केला होता. परत जाणे आपल्या नशिबी नाही हे ओळखून त्याने ते केस पात्रोक्लोसच्या चितेवर कापून दिले.

हा भेद निसर्गातून आलेला नाही. पुराची धास्ती आणि सुपीक गाळाचे वरदान दोन्ही देशांत सारखेच आहे. भेद शब्दात आहे. ग्रीक भाषेत नदी या अर्थाचा ‘पोतामोस’ हा शब्द पुल्लिंगी असून नद्यांची विशेषनामेही सामान्यतः पुल्लिंगी असतात. संस्कृतात याच्या नेमके उलट आहे. मूळचा ‘नद’ हा पुल्लिंगी शब्द मागे पडला, शोण व ब्रह्मपुत्र अशा मोजक्या प्रवाहांपुरता उरला, आणि ‘नदी’ हेच सर्वसामान्य नाम झाले. किंबहुना पाणिनीने दीर्घ ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांच्या वर्गाला जी पारिभाषिक संज्ञा दिली, तीच मुळी ‘नदी’ ही आहे. ज्या व्याकरणात नदी हे स्त्रीलिंगाच्या एका संपूर्ण वर्गाचे नाव होऊन बसले, त्या भाषेत नदीला दाढी आणि शिंगे फुटणे कठीणच होते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या आवारात गंगा मकरावर, यमुना कासवावर व सरस्वती कमळावर उभी आहे. तिघीही स्त्रिया आहेत.

तथापि व्याकरण देव घडवते असे सरसकट विधान करणे धोक्याचे ठरेल. दैवतकथा हा भाषेला जडलेला विकार आहे, या माक्स म्युल्लरच्या एकोणिसाव्या शतकातील मताची पुढे जी वाताहत झाली, तिचे कारण अशी सरसकटताच होती. ग्रीकांची स्टिक्स ही नदी स्त्रीलिंगी आहे आणि तिच्याच पाण्याची शपथ देव घेतात. मराठीत तर अधिक बोलका अपवाद सापडतो. झरा, ओढा, ओहोळ, डोह हे सारे शब्द पुल्लिंगी आहेत. परंतु डोहात राहतात त्या साती आसरा. ‘आसरा’ हे ‘अप्सरस्’ शब्दाचे रूपांतर असून काठावर शेंदूर फासलेले सात दगड एवढीच त्यांची मूर्ती असते. एकट्यादुकट्याला ओढून नेणाऱ्या या देवता ग्रीकांच्या झऱ्यांवरील निम्फांच्या अगदी निकटच्या होत. हेराक्लिसचा तरुण सोबती हिलास पाणी भरावयास गेला असता निम्फांनीच त्याला पाण्यात ओढले. ग्रीकमध्ये झऱ्याचा शब्द स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. देवता दोहींकडे स्त्रियाच. तेव्हा व्याकरणाची सत्ता अमर्याद नाही, हे उघड आहे.

मग तिचा अंमल चालतो कोठे? सह्याद्रीच्या माथ्यावरील कथा येथे उपयोगी पडते. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ आरंभिला. मुहूर्त टळू लागला तरी ज्येष्ठ पत्नी सावित्री येईना, तेव्हा गायत्रीला तिच्या आसनावर बसवून दीक्षाविधी उरकण्यात आला. उशिरा आलेल्या सावित्रीने आपल्या जागी सवत पाहून सर्व देवांना जलरूप होण्याचा शाप दिला. पद्मपुराणाच्या उत्तरखंडात ही कथा येते. तेथे थोरलीचे नाव स्वरा असे आहे. देव नद्या होऊन पूर्वेकडे गेले, देवपत्न्या पश्चिमेकडे. भूगोलाचे ज्ञान या कथेत चोख आहे. कृष्णा, वेण्णा व कोयना अखेरीस पूर्ववाहिनी होतात. सावित्री कोकणात उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. पठाराच्या कड्यावर जो जलविभाजक आहे, तोच कथेत पतिपत्नींच्या कलहाची रेषा झाला आहे. पुढे वेण्णा माहुलीस व कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, म्हणजे शापाने दुरावलेले तिन्ही देव कऱ्हाडपर्यंत पुन्हा एक होतात. कऱ्हाडच्या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. देवपत्न्यांच्या वाट्याला मात्र असा संगम आला नाही.

या कथेत शाप कशासाठी लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्रीक कथाकाराला असा शाप लागत नाही, कारण त्याची नदी जन्मतःच पुरुष आहे. तिला देव म्हणण्यासाठी काही घडावे लागत नाही. त्याच्यापुढील प्रश्न निराळा, आणि म्हणून कथाही निराळी : पुरुष नद स्त्री झऱ्याच्या मागे लागतो. आल्फेइओस हा अरेथुसेचा पाठलाग करीत समुद्राखालून सिसिलीपर्यंत गेला, असे ते सांगतात. सह्याद्रीच्या कथाकाराला मात्र विष्णू, शिव व ब्रह्मा या तीन पुरुषांना तीन स्त्रीलिंगी नामांत बसवावयाचे होते. शाप हे त्यासाठी योजलेले साधन होय. व्याकरणाने येथे देव निर्माण केला नाही. कथेपुढे एक अडचण उभी केली आणि कथेने तिची सोडवणूक केली.

देवांची वाटणी पाहिली तर शब्दाचे हे वर्चस्व आणखी स्पष्ट होते. ‘कृष्ण’ आणि ‘कृष्णा’ यांत अंतर एका स्वराचे आहे. विष्णूला कृष्णा नदी मिळाली ती बहुधा या स्वराच्या आधाराने, आणि एकदा एक देव आला की त्रिमूर्तीतील उरलेले दोघे येणे क्रमप्राप्तच होते. परंतु उरलेल्या दोघांची वाटणी लक्षणांवरून झालेली दिसत नाही. ‘ककुद्’ म्हणजे शिखर, तसेच बैलाचे वशिंड. लक्षणांचा विचार झाला असता नंदीची आठवण करून देणारी ककुद्मती शंकराच्या वाट्याला आली असती. ती गेली ब्रह्मदेवाकडे, आणि शंकराला मिळाली वेण्णा, जिच्या नावात ना त्रिशूळ आहे, ना जटा, ना सर्प. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे पाणी गोमुखातून एकत्र पडते. शापाने विभक्त झालेली मंडळी तेथे एकाच मुखातून बाहेर येतात. ते मुख गाईचे आहे, बैलाचे नव्हे, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

देव ओळखावयाचा कसा, नावावरून की लक्षणांवरून, हा तौलनिक दैवतशास्त्रातील जुना वाद आहे. मेगॅस्थिनिसला भारतीय देवांत दिओनिसस व हेराक्लिस दिसले ते लक्षणांच्या बळावर. नावांच्या बळावर निर्विवाद म्हणावे असे समीकरण फार तर झेउस व द्यौस् यांचे. दोन्ही मार्गांच्या मर्यादा दाखवणारी एक वस्तू कृष्णेच्याच खोऱ्यात उपलब्ध आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी (ही पंचगंगा महाबळेश्वरच्या तीर्थाहून वेगळी) ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1944–45 च्या सुमारास धातूच्या वस्तूंचा जो संचय सापडला, त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक लहान कांस्यमूर्ती होती. सातवाहनकालीन व्यापाराबरोबर ती येथवर आली असावी. तिच्या हातातील आयुध आज नाही. तज्ज्ञांनी तिला ओळखले ते उभे राहण्याच्या ढबीवरून व अंगलटीवरून. नाव सांगणारा लेख तिच्यावर नाही. या काठच्या लोकांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हे मूर्ती सांगू शकत नाही. एवढे खरे की समुद्र दोन्ही परंपरांत पुरुष आहे, पण नाते वेगळे आहे : ओकेआनोस हा नद्यांचा पिता, तर आपला समुद्र हा सरित्पती, म्हणजे नद्यांचा नवरा. नदीचे लिंग बदलले की समुद्राचे नातेही बदलते.

वेण्णेच्या शिवत्वाची परीक्षा अखेर उपासनेत होते. वाईला घाटोघाट कृष्णाबाईचा उत्सव होतो. ‘बाई’ हा प्रत्यय विष्णूला लावला जात आहे, याची कोणाला अडचण वाटत नाही. नदीची ओटी भरताना स्त्रिया हळदकुंकू, खण व नारळ वाहतात. हा सवाष्णीचा मान आहे. शंकराला वाहावयाचा बेल व भस्म त्यात नसते. माहात्म्यकाराने शापाच्या बळावर तीन पुरुष नद्यांत आणून ठेवले, परंतु ओटी भरणारीने त्या नद्यांना स्त्रियाच ठरवले आहे.