मेलिंग लिस्ट आणि डीमार्क

डीमार्क ही ईमेलच्या प्रेषकाची सत्यता पडताळणारी प्रणाली आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांच्या मेलिंग लिस्टवरील सदस्यांचे टपाल काहीही चूक नसताना बंद पडते, त्यामागे अनेकदा हीच प्रणाली असते. सदस्यांना ती 'बंदी' वाटते. प्रत्यक्षात हा निर्णय बहुधा कोणा माणसाने घेतलेला नसतो.

== कार्यपद्धती ==
ईमेल वाहून नेणारा एसएमटीपी हा नियमसंच मुळात प्रेषकाच्या नावाची खातरजमा करत नाही. ही उणीव दोन पद्धतींनी भरून काढली जाते. एखाद्या डोमेनच्या वतीने कोणत्या सर्व्हरांनी टपाल पाठवावे हे एसपीएफ सांगते, तर डीकेआयएम मजकुरावर व निवडक शीर्षनोंदींवर अंकीय स्वाक्षरी करते. या दोहोंपैकी किमान एक तपासणी यशस्वी व्हावी आणि तिचे डोमेन वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळावे, अशी डीमार्कची अट आहे. ती पूर्ण न झाल्यास संदेश स्वीकारावा, संशयित म्हणून बाजूला ठेवावा की नाकारावा, याविषयीचे धोरण डोमेनचा मालक जाहीर करतो. डीमार्कचे विवरण मार्च २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झाले.

== मेलिंग लिस्टवरील परिणाम ==
मेलिंग लिस्ट सदस्याचे पत्र स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, त्यामुळे एसपीएफ जुळत नाही. विषयाआधी यादीचे नाव किंवा मजकुराखाली तळटीप जोडली की डीकेआयएमची स्वाक्षरीही सहसा मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहू व पाठोपाठ एओएल यांनी नकाराचे धोरण लागू केले, तेव्हा जगभरातील याद्या विस्कळीत झाल्या.

यातील अन्याय असा, की शिक्षा पत्र लिहिणाऱ्याला होत नाही. याहूच्या सदस्याचे पत्र इतर सदस्यांचे सर्व्हर नाकारतात आणि यादीचे सॉफ्टवेअर तो नकार त्या इतरांच्याच खात्यावर मांडते. जीएनयू मेलमॅनच्या २.१ मालिकेत मूळ मांडणीनुसार एका दिवशी जास्तीत जास्त एक नकार मोजला जातो. गुण ५ झाले की टपाल थांबते आणि सूचनांना प्रतिसाद न मिळाल्यास सदस्यत्व रद्द होते.

== निवारण ==
टपाल थांबलेल्या सदस्याला ते सदस्यत्वाच्या पानावरून पुन्हा सुरू करता येते. पत्ता खरोखरच बंदीयादीत असल्यास यादीच्या व्यवस्थापकाला लिहावे लागते. एखाद्या उपद्रवी व्यक्तीसाठी संपूर्ण डोमेन रोखले गेल्यास त्यात निरपराधही अडकतात, म्हणून नकाराचा मूळ संदेश जोडणे उपयुक्त ठरते. त्यातील ४ ने सुरू होणारा संकेतांक तात्पुरती, तर ५ ने सुरू होणारा कायमची अडचण दर्शवतो.

मूळ दोषावर व्यवस्थापकांकडे दोन मार्ग आहेत. पत्रात कोणताही बदल न करणे हा अधिक निर्दोष होय. दुसऱ्या मार्गात प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता घातला जातो. मात्र गिटद्वारे पाठवलेल्या पॅचमध्ये त्यामुळे लेखक म्हणून यादीचीच नोंद होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी मूळ लेखकाचे नाव व पत्ता पत्राच्या मजकुरातील पहिल्या ओळीत लिहितात. २०१९ मधील एआरसी (आरएफसी ८६१७) ही पद्धत मधल्या सर्व्हरने केलेल्या तपासणीचा निकाल पुढे पोहोचवते, परंतु त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे स्वीकारणारा सर्व्हरच ठरवतो.