अंड्यातून काय निघेल?

नीटच्या तयारीसाठी नांदेड-लातूरला राहणारी मुले रात्री पुस्तक मिटवून मोबाइल उघडतात, ‘पाचच मिनिटे’ म्हणून. प्राणी गोळा करण्याच्या खेळांत नाणी, अंडी, रत्ने यांची इतकी गर्दी असते की नेमके करायचे काय, हेच अनेकांना उमगत नाही. तरी खेळ सुटत नाही. मोबाइल खिशात असतानाही तो चालूच असतो. उघडला की काहीतरी जमा झालेले.

1996 मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने आणलेले तामागोची दुर्लक्ष झाले की मरायचे. 2014 च्या ‘नेको आत्सुमे’त कोणी मरत नाही. अंगणात खाऊ ठेवायचा आणि मांजराची वाट पाहायची. कोणते येईल, ठाऊक नाही. ओढ इथेच आहे. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारतच राहते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी दाखवले होते.

म्हणून लगेच ‘व्यसन’ म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान होऊनही खेळत राहणे, हे साधारण 12 महिने दिसावे लागते. त्याआधी बिघडते ती झोप. रात्री दोनला उठून अंडे फुटले का पाहणाऱ्याला सकाळचे जीवशास्त्र काय लक्षात राहणार? सूचनांचा आवाज बंद करावा, मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. चिडचिड, गैरहजेरी वाढली तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.