‘पाणी आहे’ म्हणजे नेमके काय?



गेल्या हिवाळ्यात आपल्या दोन कार्यकर्त्यांनी एकाच पाड्याचा पाण्याचा फॉर्म वेगवेगळा भरून आणला. ‘पाणी उपलब्ध आहे का?’ या प्रश्नापुढे एका भावाने ‘होय’ लिहिले, कारण पाड्यावर हातपंप आहे. दुसऱ्या ताईंनी ‘नाही’ लिहिले, कारण तो मार्चअखेर कोरडा पडतो आणि मग बायका टेकडीखालच्या झऱ्यावर जातात. खोटे कोणीच लिहिले नव्हते. प्रश्नच अर्धवट होता, आणि तो मी तयार केला होता. त्या एका ‘होय’मुळे हा पाडा टाकीच्या यादीतून वगळला जाणार होता.

संशोधनात आधी शब्दाचा अर्थ ठरवून घेतात. मला ते पूर्वी पंडितांचे काम वाटे. जेसी रिबॉट आणि नॅन्सी पेलुसो या अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडले, की साधनाचा लाभ घेण्याचा हक्क वेगळा आणि तो प्रत्यक्ष घेता येणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला आपण ‘पोहोच’ म्हणू. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले २०११ मध्ये. तोवर हक्क होता, पोहोच नव्हती.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आठवा. विहीर खोल आहे आणि प्रभूजवळ पाणी काढायला काही नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आले. रोज घागर वाहणारीला हा फरक शिकवावा लागत नाही. फॉर्म बनवणाऱ्याला लागतो.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मोजणीत, स्रोत चांगला असला तरी जाऊन, रांगेत थांबून, परत यायला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती सेवा ‘मर्यादित’ धरतात. आम्ही तीच मर्यादा घेतली आहे. आता फॉर्मात विचारतो: एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणता? जाऊन-येऊन किती वेळ? आणते कोण? त्या झऱ्यावर कोणी अडवते का? शेवटचा प्रश्न पाड्यावरच्या एका आजीने सुचवला.

फेरसर्वेक्षण मे महिन्यात आहे. मंडळीतल्या तरुणांपैकी कोणी येणार असल्यास एप्रिलअखेर कळवावे. झऱ्याची वाट उतरणीची आहे, चपलांऐवजी बूट घालावेत.