रेहेकुरी : ज्वारीच्या शिवारातले काळविटांचे बेट

कर्जत तालुका अवर्षणाचा. इथल्या माळावर हिवर, बोर, तरवड आणि पावसाळा सरला की पिवळे पडणारे पवन्या-कुसळीचे गवत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या माळावर १९८० मध्ये रेहेकुरी काळवीट अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. भोवती सगळी शेती, मधे हे गवताचे बेट.

यायचे तर उजाडताना. ऊन चढले की कळप सावली धरतात. तांबूस रंगाच्या माद्या आणि पाडसे एकत्र चरत असतात. पीळदार शिंगांचा, काळाभोर झालेला नर मात्र आपली जागा धरून उभा असतो. तिथे लेंड्यांचा ढीग घालून, डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा वास काटक्यांना लावून तो हद्द आखतो. दुसरा नर आत आला की शिंगाला शिंग भिडलेच. धोक्याची चाहूल लागताच एक मादी सरळ वर उडी घेते, मागोमाग सारा कळप उसळतो. हे एकदा पाहावेच.

सुट्टीच्या दिवशी पुण्या-नगरकडची मंडळी येतात. अनेकांना हरणे गाडीजवळ यावीत असे वाटते. ती येत नाहीत, मग हाका, हॉर्न सुरू होतात. त्याहून वाईट म्हणजे गवतात निपचित पडलेले पाडस ‘हरवले’ म्हणून उचलणे. आईच त्याला तिथे लपवून चरायला गेलेली असते. हात न लावता पुढे जावे.

वनरक्षक आणि वनमजुरांचे काम ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्याआधी वणवा रोखायला जाळरेषा काढायच्या, मग पाणवठे भरते ठेवायचे. पाणी आटले की कळप लांब जातात, मोकाट कुत्री मागे लागतात, कठडा नसलेल्या विहिरीत जनावर पडते.

एवढ्याशा माळावर काळविटांचे भागत नाही. रब्बीत कोवळी ज्वारी वर आली की ती शिवारात उतरतात. शेतकरी राखण करतो, हुसकावतो, नुकसान झाले की पंचनाम्याची वाट पाहतो. या बेटाचा निम्मा खर्च तोच सोसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी आणि भोवतालच्या विहिरींना सरकारी खर्चाने कठडे बांधून मिळावेत. काळविटासाठी नवा मनोरा किंवा बगीचा उभारण्याआधी पैसा इथे लागायला हवा.