गोष्ट वर्गात शिरते तेव्हा

बालसाहित्यिकाला शाळेचं बोलावणं येतं ते बहुधा 15 ऑक्टोबरचं. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 2015पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला लेखक हवा असतो. मी जातो, मनापासून जातो. पण खरा आनंद मिळतो तो एखाद्या साध्या बुधवारी. परिपाठ झालेला असतो, हार नाही, प्रास्ताविक नाही, थेट वर्गातल्या सतरंजीवर बसायचं. व्यासपीठावरून मुलं नुसती रांगेत दिसतात. सतरंजीवर ती पुढे सरकत सरकत गुडघ्याला येऊन टेकतात.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना त्यांनी घाट निवडला तो रोज रात्री गोष्ट सांगण्याचा. समोर कुणीतरी ऐकत बसलंय, हे धरूनच ते पुस्तक बोलतं. अनिल अवचट मुलांसमोर बसले की हातातल्या कागदाला घड्या पडत आणि बोलता बोलता त्याचा पक्षी होई. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक तर 1971पासून आमच्या आधीच शाळाशाळांत जाऊन पोचलेलं असतं. आडगावच्या शाळेतही एखादं मूल ‘किशोर’मधली आपली गोष्ट आठवून सांगतं, तेव्हा फार बरं वाटतं.

मी गोष्ट अर्ध्यावर थांबवतो आणि पुढचं मुलांवर सोडतो. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत हरवलेल्या वासराची गोष्ट चालली होती. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या होत्या. मुलांनी वासराला वाघ दाखवला, विहीर दाखवली, चोरही आणले. मागे बसलेली चौथीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘गाडी निघायच्या आत सापडू द्या त्याला. मुकादम थांबत नसतो.’’ वर्गाला हे लगेच पटलं. मग वासराला कुणी शोधायचं, गाडी कुणी अडवायची, मुकादमाला बोलण्यात कुणी गुंतवायचं, यावर इतका कल्ला झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावल्या आणि आपली मुलंही घेऊन आल्या. घरी टेबलाशी बसून मला ती गाडी सुचलीच नसती. अशा वर्गातून परतलो की लिहायला हुरूप येतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती असते, भाषणाऐवजी दोन तासिका द्या आणि पुस्तकं आधी मुलांच्या हाती पडू द्या. निघताना मी कपाटाच्या किल्लीची चौकशी करतो. काही शाळांत ती पाचवीतल्या मुलांकडे असते. पुस्तकांच्या देवघेवीची वही तीच लिहितात, फाटलेली पानं खळीनं चिकटवतात. तिथं पुन्हा यायची तारीख मी स्वतःच मागून घेतो.