ठिपक्याची ओळख

कापणी झालेल्या मक्याच्या शेतातून ट्रॅक्टरची एक वाट जाते. त्या वाटेवर दोनशे मीटरवर एक टेकेल कुत्रा बसवला होता. आखूड पायांचा, लांबोडक्या अंगाचा, वीतभराहून थोड्या जास्त उंचीचा. इकडे मी उष्णता टिपणारी चार यंत्रं फळीवर ओळीने मांडली होती आणि एकेकातून त्याच्याकडे बघत होते. ऑक्टोबरचा अंधार पडून तास झाला होता. सगळ्यांत लहान यंत्रात कुत्रा म्हणजे तांदळाची कणी होती. पुढच्या दोन्हींत तांदळाचा दाणा. चौथ्यात दाण्याला एक टोक असल्यासारखं वाटलं, पण ते डोकं की शेपूट हे काही कळेना. दोरी धरून शेजारी उभे असलेले त्याचे मालक मात्र चारही यंत्रांत माणूसच दिसत होते.

टेकेल मुद्दाम निवडला होता. रानडुकराचं पिल्लू जेवढं असतं, साधारण तेवढाच तो.

ही गोष्ट जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गमधली, बर्लिनच्या उत्तरेला उकरमार्क नावाचा भाग आहे तिथली. मी बर्लिनला राहते. दोन वर्षांपूर्वी इथली शिकारीच्या परवान्याची परीक्षा दिली. प्राण्यांचं जीवशास्त्र, बंदुका, कायदा, मांसाची तपासणी, कुत्रे, झाडं असा तिचा पसारा आहे, म्हणून लोक तिला ‘हिरवी बारावी’ म्हणतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं असं मी आजही मानते. इथला प्रश्न वेगळा आहे. रानडुकरं अमाप वाढली आहेत. सप्टेंबर २०२०मध्ये पोलंडच्या सीमेलगत, याच ब्रांडेनबुर्गमध्ये, आफ्रिकन स्वाइन फीव्हरने मेलेलं जर्मनीतलं पहिलं रानडुक्कर सापडलं. माणसाला हा रोग होत नाही, पण पाळीव डुकरांच्या कळपात शिरला तर कळप उरत नाही. शिवाय शिकारीचा पट्टा जो भाड्याने घेतो, त्याला करारानुसार बहुतेक वेळा पिकाची नुकसानभरपाईही भरावी लागते. म्हणून इथली रात्र रानडुकरांची. हरणांवर रात्री गोळी झाडायला कायद्याने बंदी आहे. सूर्यास्तानंतर दीड तासाने ती लागू होते. रानडुक्कर तेवढं त्यातून वगळलेलं आहे.

आमच्या पट्ट्याचे पट्टेदार सत्तरी ओलांडलेले. शिकारी एकमेकांना ‘तू’ म्हणतात, त्यामुळे तेही मला ‘तू’ म्हणतात आणि मीही त्यांना, जरी पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक शब्द शिकवला: ‘आन्श्प्रेखेन’. समोर आलेला प्राणी कोणता, नर की मादी, केवढ्या वयाचा, हे गोळी झाडण्याआधी ठरवणं म्हणजे आन्श्प्रेखेन. रोजच्या जर्मनमध्ये याच शब्दाचा अर्थ होतो एखाद्याशी बोलायला जाणं, त्याला हाक देणं. मला एकदम आजोळ आठवलं. संगमेश्वराकडे भात पिकायला आलं की मामा रात्री माळ्यावर राखणीला जायचा. खाली खसफस झाली की आधी ओरडायचा, “कोण रे तिकडं?” डबा वाजवणं, दगड मारणं नंतर. अंधारात काय आहे ते माहीत नसताना हात उचलायचा नाही, ही त्याची रीत होती. शेजाऱ्याचा रेडा असेल, दारू पिऊन वाट चुकलेला माणूस असेल.

उष्णता टिपणारी ही हातातली दुर्बीण घ्यायची ठरली, तेव्हा मी प्रथम दुकानात गेले आणि तिथे काहीच कळलं नाही. विक्रेत्याचा चेहरा, त्याच्या कपातली कॉफी, भिंतीवर मी टेकवलेल्या हाताचा उरलेला ठसा, सगळं झगझगीत. मी यंत्र खिडकीकडे वळवलं तर रस्ता गायब आणि काचेत माझीच धूसर आकृती. काच आपल्या डोळ्यांना आरपार असली तरी उष्णतेच्या किरणांना ती भिंतच असते. म्हणून यंत्राचं भिंग काचेचं नसतं, जर्मेनियम या महागड्या मूलद्रव्याचं असतं. किमतीचा मोठा वाटा तिथे जातो. मोटारीत बसून, काच वर ठेवून रान न्याहाळण्याचा बेत करणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं.

आत एक जाळी असते, बारीक बारीक तापमापकांची. प्रत्येकाचा आकार आजकाल बहुधा १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा साधारण ऐंशीवा भाग. समोरून येणाऱ्या उष्णतेने तो किंचित तापतो, त्याचा विद्युत रोध बदलतो, त्या बदलाचं चित्र होतं. या तत्त्वाचं पहिलं उपकरण, बोलोमीटर, अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांनी १८८०च्या सुमारास केलं. ही किरणं असतात हे त्याआधी, १८००मध्ये विल्यम हर्शेल यांनी दाखवलं होतं. हर्शेल मूळचे हानोफरचे, म्हणजे इथलेच.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: १८०० मीटर. एवढ्या अंतरावरून उभा माणूस ‘लक्षात येतो’, असा त्याचा अर्थ. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ३५ मिलिमीटरचं भिंग आणि १२ मायक्रॉनचे बिंदू असतील तर शंभर मीटरवर एक बिंदू साधारण साडेतीन सेंटीमीटर जागा व्यापतो. १८०० मीटरवर तोच ६२ सेंटीमीटर व्यापणार. म्हणजे माणूस एकावर एक ठेवलेल्या तीन ठिपक्यांचा. तो माणूसच आहे हे त्या तीन ठिपक्यांवरून कोण सांगणार?

१९५८मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या संशोधकाने याच प्रश्नावर मोजमाप केलं होतं. त्याने ओळखीच्या पायऱ्या वेगळ्या केल्या. काहीतरी आहे एवढं जाणवायला वस्तूच्या लहान बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक जोडी पुरते, म्हणजे आजच्या भाषेत दोन बिंदू. प्रकार कळायला चार जोड्या. नेमकी ओळख पटायला सहाहून अधिक, म्हणजे तेरा बिंदू. आणि तेही निम्म्याच वेळा बरोबर येईल एवढ्या खात्रीने. आता पंचवीस सेंटीमीटर उंचीचं पिल्लू घ्या. ३५ मिलिमीटरच्या भिंगातून त्याच्या उंचीवर तेरा बिंदू मिळायला ते ५६ मीटरवर असावं लागतं. खोक्यावरचे १८०० आणि पिल्लाचे ५६, यांच्यामधल्या जागेत सगळी शिकार घडते. या मधल्या जागेबद्दल विक्रेता बोलत नाही, म्हणून मी टेकेल उसना घेतला.

मालक त्याला पन्नास-पन्नास मीटर पुढे आणत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. २५६ बाय १९२ बिंदूंचं, १९ मिलिमीटर भिंगाचं छोटं यंत्र पन्नास मीटरपर्यंत ‘काहीतरी प्राणी’ एवढंच सांगत राहिलं. पुढची दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा मला जे कळलं ते कोणत्याही जाहिरातीत वाचलं नव्हतं. एक ३८४ बाय २८८चं, दुसरं ६४० बाय ५१२चं, दुसऱ्याची किंमत बरीच जास्त. दोन्हींची भिंगं मात्र ३५चीच. आणि टेकेल दोन्हींत सारखाच दिसला! तेवढेच बिंदू, तेवढाच तपशील. तपशील ठरतो तो बिंदूचा आकार आणि भिंग यांच्या जोडीवरून. बिंदू वाढवले की चित्र रुंद होतं. ३८४च्या यंत्रात शंभर मीटरवर तेरा मीटर रुंदीची पट्टी दिसते, ६४०च्या यंत्रात बावीस. चौथ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या यंत्रात कुत्रा शंभर मीटरवरही ठळक होता, पण ते जड, आणि नजरेची पट्टी पुन्हा पंधरा मीटरवर आलेली.

तेरा आणि बावीस यांतला फरक कागदावर लहान वाटतो. अर्धा तास मचाणावर बसून शेताची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत विंचरून बघा. अरुंद पट्टीतून बघणं म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं. घोडा दिसतो तर नवरदेव निसटतो. डुकरांच्या बाबतीत ही गंमत राहत नाही. पुढची मोठी आकृती चौकटीत येते आणि मागून येणारी लहान बाहेर राहतात.

बाकीच्या गोष्टी हिवाळाभर उसन्या यंत्रांवर शिकले. संवेदनशीलतेचा आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात. जितका कमी तितका चांगला. कोरड्या, कडक थंडीच्या रात्री २०चं आणि ४०चं यंत्र यांत मला फरकच दिसेना. मग नोव्हेंबरात तीन दिवस झिमझिम पाऊस पडला. झाडं, माती, दगड, सगळं एकाच तापमानाला आलं, वर धुकं. ४०च्या यंत्रात रान म्हणजे राखाडी पिठलं झालं होतं, २०च्या यंत्रात निदान झाडांचे बुंधे वेगळे कळत होते. यंत्र पारखायचं तर अशा वाईट रात्री पारखावं.

दर काही मिनिटांनी यंत्राच्या आत एक पडदी पडते, चित्र क्षणभर थिजतं, मग पुन्हा स्वच्छ होतं. त्या पडदीचा ‘टक्’ दुकानाच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. मचाणावर वारा पडलेला असताना तो मला कुणी काडी मोडल्यासारखा वाटला, आणि ऐंशी मीटरवरच्या कोल्ह्याने मान वर केली. तेव्हापासून मी ती पडदी हाताने, विमान जाताना किंवा वारा उठल्यावर पाडते. पांढऱ्या चित्राचा झगमगाट डोळ्याचं अंधाराला सरावलेपण मोडून टाकतो, म्हणून उजेड अगदी कमी करून यंत्र डाव्या डोळ्याला लावते आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीसाठी उजवा राखते.

हिवाळ्यात एकदा रो हरणाचा नर बघितला. त्याची शिंगं मखमलीत होती, म्हणजे वाढती, रक्त वाहतं. यंत्रात ती दोन पेटत्या काड्यांसारखी दिसली. मे महिन्यात तोच नर त्याच जागी आला तेव्हा मखमल गळून शिंगं कोरडी झाली होती आणि यंत्रात डोकं जवळजवळ बोडकं होतं. या यंत्राच्या भरवशावर कुणी त्याला मादी ठरवलं असतं.

बंदुकीवर बसवायच्या उपकरणांची वाट २०२०च्या शस्त्रकायद्याने मोकळी झाली. त्याबाबत राज्याराज्यांचे शिकारीचे नियम वेगळे आहेत. मला हातातलंच हवं होतं, आणि त्यामागे ठाम कारण आहे. बंदुकीवरच्या यंत्रातून रान शोधायचं म्हटलं की जिथे नजर तिथे नळी. त्या रानात रात्री धावायला आलेला माणूस असू शकतो, चुकलेलं वासरू असू शकतं, लांडगा असू शकतो. शोधणारा हात आणि झाडणारा हात वेगळे असले पाहिजेत.

पट्टेदारांकडे ८ बाय ५६ची जुनी दुर्बीण आहे, चांदण्या रात्री शिकारीला जाणाऱ्यांची नेहमीची. त्यांचं म्हणणं, यंत्राने शोध, दुर्बिणीने ओळख, आणि दोन्हींनी जमलं नाही तर घरी ये.

एप्रिलच्या शेवटी मक्याची पेरणी झाली. डुकरं पेरलेल्या ओळीने नाक चालवत जातात आणि दाणा न दाणा उकरून काढतात. भरपाई पट्टेदारांच्या खिशातून जाणार होती. दुसऱ्याच रात्री आम्ही मचाणावर होतो. ६४० बिंदूंचं, ३५च्या भिंगाचं यंत्र आठवड्यापूर्वी विकत घेतलं होतं. साडेअकराच्या सुमारास बांधावरच्या गवतातून एक मोठी आकृती निघाली, १३० मीटरवर, एकटी. एकटं, अंगाने भारी, मान खाली: नर असावा असं मला वाटलं. बंदूक गुडघ्यावर होती.

“थांब,” पट्टेदार कुजबुजले. “गवतात तुला काय दिसतंय?”

गवतात काही दिसत नव्हतं. गवतामागचं या यंत्राला दिसत नाही. गुडघाभर गवत पुरतं. पिल्लं असलेली मादी मारणं इथे गुन्हा आहे, कारण तिच्यामागे पिल्लं उपाशी मरतात. ढगाआडून चंद्र आला तेव्हा त्यांनी दुर्बीण लावली आणि मान हलवली. नुसती काळी सावली. आम्ही बसून राहिलो. आकृती उकरत उकरत शेतात दहा-बारा मीटर आत आली, मग थबकून मागे वळली. गवताच्या कडेतून एक ठिपका सुटला. मग दुसरा. मग तीन एकदम. उघड्या मातीवर ते तिच्याकडे धावले आणि तिच्या पोटाखाली एक होऊन गेले.

६४०च्या रुंद पट्टीत सगळी मावली होती.

मी बंदुकीतली गोळी काढून घेतली. पट्टेदारांनी खोकून टाळी वाजवली, आणि सहाही आकृत्या रानात शिरल्या. सकाळी आम्ही नुकसान मोजायला शेतात उतरलो. चार ओळी, प्रत्येकी साठ-सत्तर पावलं उकरलेल्या. ते काठी टेकत मोजत होते, मी वहीत लिहीत होते. ओल्या मातीत मोठ्या खुरांच्या आजूबाजूला, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे ठसे पडले होते.