स्नायूंचा विकार आणि दुर्लक्षित हाडे

मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायूंचा क्रमाक्रमाने क्षय होत जाणारा जनुकीय विकार. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ड्युशेन हा प्रकार जवळजवळ मुलग्यांतच आढळतो. १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांचे नाव त्यास मिळाले आहे. तीन-चार वर्षांचे मूल वारंवार पडू लागते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकते, पोटऱ्या फुगीर दिसतात. उपचार न मिळाल्यास साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणे थांबते. साहजिकच घरातील सर्वांचे लक्ष स्नायूंकडे लागते. हाडांचा विचार मागे पडतो, आणि तो ती मोडल्यावरच होतो.

हाड जिवंत असते. चालता-धावताना स्नायू त्याला ओढतात, त्या ताणानेच ते भरीव होते. स्नायू दुबळे झाले की ताण घटतो व हाड ठिसूळ राहते. त्यात औषधाची भर पडते. प्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकोर्ट ही स्टिरॉइडे मुलाचे चालणे काही वर्षे लांबवतात. पण हाडे कमकुवत करतात. तेवढ्या भीतीने काही पालक गोळ्या परस्पर बंद करतात. असे कदापि करू नये. दीर्घकाळ चालू असलेले स्टिरॉइड एकाएकी थांबल्यास जिवाला धोका होतो.

आपल्या रत्नागिरीकडे पुष्कळदा निदान मुंबईत होते आणि मूल राहते गावी. तेथे जांभ्याची पाखाडी, उंच उंबरठा, पावसाळ्यात शेवाळलेले अंगण. अशा मुलाच्या मांडीचे हाड मोडण्यास साधे पडणेही पुरते. नंतर दीड-दोन महिने ते खाटेवर राहिले, तर पुन्हा चालेलच याची खात्री नसते. म्हणूनच हाडवैद्याची पट्टी बांधून वाट पाहणे या मुलांना परवडणारे नाही. अस्थिरोगतज्ज्ञ शक्य तेथे शस्त्रक्रियेने हाड पक्के बसवून मुलाला लवकर उभे करतात. मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांना विकाराचे नाव आणि चालू गोळ्या आधीच सांगाव्यात. भुलेची काही औषधे या रुग्णांना घातक ठरतात.

आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. पडल्यानंतर दोन-तीन दिवसांत मुलाला धाप लागली किंवा ते गोंधळल्यासारखे वागू लागले, तर हाडातील चरबीचे कण रक्तावाटे फुप्फुसांत व मेंदूत पोहोचलेले असू शकतात. हाड मोडल्याचे दिसत नसले तरी तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

मणके तर मुकाट्याने दबतात. पाठ दुखेलच असे नाही. स्टिरॉइड घेणाऱ्या मुलाच्या कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे दर एक-दोन वर्षांनी पाहावा. त्याला मोठे यंत्र लागत नाही, तालुक्याच्या गावीही तो निघतो. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी दरवर्षी करावी. मणका दबलेला आढळल्यास हाडांची झीज रोखणारे औषध तज्ज्ञ शिरेतून देतात.

आहाराबाबत कोकण गरीब नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते नगण्य. कुळीथही चांगला. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी उत्तम, पण मीठ धुऊन घ्यावे, कारण स्टिरॉइडने रक्तदाब वाढू शकतो. ड जीवनसत्त्व मात्र जेवणातून फारसे मिळत नाही. माजघरात बसून राहणाऱ्या मुलाला ऊनही मिळत नाही आणि पावसाचे चार महिने तर कोणालाच पुरेसे नाही. त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्याव्यात.

चाकाच्या खुर्चीत बसवल्यावर कमरेचा पट्टा प्रत्येक वेळी लावावा, दोन पावलांचे अंतर असले तरीही. मुलाला उचलताना दंड धरून ओढू नये. एकाने काखेखाली आणि दुसऱ्याने गुडघ्यांखाली आधार द्यावा. जोरकस मालीश टाळावे.